ऑनर हॅरिंग्टन मालिकेचा शेवट: कुठे थांबावं, काय गाळावं

डेव्हिड वेबर यांची ऑनर हॅरिंग्टन ही अंतराळातल्या नौदल-युद्धांची विज्ञान-कादंबरी मालिका १९९३ साली 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन'ने सुरू झाली. तिची मुख्य कथा २०१८ मध्ये 'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर' या चौदाव्या पुस्तकावर येऊन संपते. सुरुवातीची पुस्तकं रात्र जागून संपवणारे वाचकही या शेवटच्या जाडजूड पुस्तकात अडकतात. त्याची कारणं आधी समजून घेतली आणि वाचनाचा मार्ग नीट आखला, तर त्यातलं चांगलं हाती लागतं. पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील, हे लक्षात असू द्या.

पहिलं कारण शस्त्रांचं. मालिकेची नायिका ऑनर ही मॅन्टिकोर या अंतराळ-राज्याच्या नौदलातली अधिकारी. पहिल्या पुस्तकात तिचं 'फिअरलेस' हे एक हलकं क्रूझर, म्हणजे छोटी युद्धनौका, आहे. एका प्रायोगिक शस्त्रासाठी त्याच्यावरची नेहमीची बरीचशी शस्त्रं काढून टाकलेली असतात. ते नवं शस्त्र अगदी जवळून मारा केला तरच चालतं, त्यामुळे जवळ जाईपर्यंत मार खायचा आणि तग धरायचा एवढंच हाती उरतं. प्रत्येक फटक्याला कुठला कप्पा फुटला, कोण मेलं, हे कळतं. पुढे मॅन्टिकोरचं तंत्रज्ञान वाढत जातं आणि गोष्ट 'अपोलो'वर येते. त्यात एक नियंत्रक क्षेपणास्त्र आठ हल्लेखोर क्षेपणास्त्रांना वाट दाखवतं आणि त्याचा संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जातो. समोरच्या सोलेरियन लीगकडे, म्हणजे पृथ्वी राजधानी असलेल्या ग्रहांच्या बलाढ्य संघाकडे, याला उत्तरच नाही. 'मिशन ऑफ ऑनर'मध्ये ७१ महाकाय युद्धनौका घेऊन आलेला लीगचा ताफा मॅन्टिकोरच्या ॲडमिरल मिशेल हेंककडून हरतो, आणि तिच्याकडे त्या वर्गाचं एकही जहाज नसतं. एकदा वाचायला हे भारी वाटतं. तेच पुन्हा पुन्हा झालं की लढाई म्हणजे नुसता हिशेब होतो.

दुसरं कारण आराखड्याचं. ऑनरचा साचा ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनवर बेतलेला आहे, आणि नेल्सन १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत धारातीर्थी पडला. वेबर यांच्या मूळ योजनेत 'अ‍ॅट ऑल कॉस्ट्स'मधली (२००५) मॅन्टिकोरची लढाई हेच ऑनरचं ट्रफाल्गर होतं. पुढची गोष्ट बऱ्याच वर्षांनी तिच्या मुलांच्या पिढीत घडायची होती. पण एरिक फ्लिंट यांच्यासोबत लिहिलेल्या जोडमालिकेमुळे मेसा या ग्रहावर शिजलेला गुप्त कट कथेत ठरल्यापेक्षा आधी आला आणि ऑनर जिवंत राहिली. नव्या पिढीसाठी राखलेलं युद्ध जुन्याच माणसांच्या अंगावर आलं. ती माणसं तोवर ॲडमिरल आणि मंत्री झालेली, म्हणून पानंच्या पानं बैठकांमध्ये जातात.

आता मार्ग. पहिली अकरा पुस्तकं क्रमाने वाचा आणि 'अ‍ॅट ऑल कॉस्ट्स'ला थांबून स्वतःला विचारा: मला मॅन्टिकोरचा जुना शत्रू हेवन याच्याशी चाललेल्या युद्धाची गोष्ट हवी होती, की या सगळ्या जगाची? पहिलं उत्तर असेल तर इथेच थांबा. भावनिक वजन पाहिलं तर मालिकेचा खरा शेवट हाच आहे.

पुढे जायचं असेल तर 'मिशन ऑफ ऑनर' (२०१०) आणि 'अ रायझिंग थंडर' (२०१२) टाळता येत नाहीत. पहिल्यात मॅन्टिकोरच्या अंतराळतळांवर छुपा हल्ला होतो आणि दुसऱ्यात हेवनशी मैत्री पक्की होते. मग 'शॅडो ऑफ फ्रीडम' (२०१३) आणि 'कॉल्ड्रन ऑफ घोस्ट्स' (२०१४) घ्या, म्हणजे मेसावर काय घडलं ते कळेल. 'शॅडो ऑफ व्हिक्टरी' (२०१६) खुशाल सोडा. माहीत असलेल्याच घटना त्यात दुसऱ्या बाजूंनी येतात आणि पात्रांची गर्दी तेवढी वाढते. इथे दमलेले वाचक शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचतच नाहीत.

'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर' हाती घेतल्यावर ते सरसकट एकाच वेगाने वाचू नका. प्रकरणाच्या सुरुवातीला जागा दिलेली असते, ती आधी बघा. जागा सोलेरियन राजधानीतलं कार्यालय असेल तर पहिली दोन पानं आणि शेवटचं पान वाचा. काय ठरलं एवढं कळलं की पुरे. नवं नाव आलं की मात्र थांबा, कारण कटाचे धागे अशाच संवादांत दडलेले असतात. जागा जहाज असेल तर शब्द न् शब्द वाचा.

हायपेशिया या ग्रहमालेतली लढाई तर अजिबात चुकवू नका. मॅन्टिकोरच्या रिअर ॲडमिरल यान कोटूचकडे मूठभर जहाजं आहेत आणि समोर आहे प्रचंड सोलेरियन ताफा. अंतराळातल्या वस्त्या माणसांसकट उडवायला तो ताफा निघालेला आहे. कोटूच माघार घेऊ शकतो, त्याला तसा हुकूम कुणी देत नाही, आणि तो घेत नाही. उत्तम शस्त्र हाताशी असूनही संख्या कमी पडते आणि त्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. 'फिअरलेस'नंतर हरवलेली धाकधूक इथे परत सापडते. वेबर यांची लेखणी अजून तितकीच धारदार आहे, याचा हा पुरावा.

याउलट, मॅन्टिकोरच्या मित्रपक्षातल्या बेओवुल्फवरच्या हल्ल्यानंतर ऑनर लीगच्या राजधानीच्या सूर्यमालेवर चालून जाते तो भाग वाचताना लढाईची वाट बघू नका. तिथे मॅन्टिकोर हरूच शकत नाही. लक्ष ठेवायचं ते ऑनरच्या रागावर, आणि ती स्वतःला कुठे आवरते त्यावर. चौदा पुस्तकांच्या ओळखीचं फळ मिळतं ते तिथेच.

शेवटचं पान संपल्यावरही मेसाच्या कटाचे मुख्य सूत्रधार मोकळेच राहतात. 'सगळं असं अर्धवट का सोडलं' ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार याचीच आहे. त्याचं उत्तर 'टु एंड इन फायर' (२०२१) या वेबर-फ्लिंट यांच्या पुस्तकात शोधायचं, पण ते घेण्याआधी जोडमालिकेतली 'क्राउन ऑफ स्लेव्ह्ज' (२००३) आणि 'टॉर्च ऑफ फ्रीडम' (२००९) वाचून ठेवा. नाहीतर व्हिक्टर काशा आणि अँटन झिलविकी हे दोन हेर कोण, एकमेकांवर एवढा विश्वास का टाकतात, हेच कळणार नाही.