ऑफ-रोड गाडीचा रोल केज बनवताय? गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा हा ट्यूबचा पिंजरा, त्यात नुसता पाइप जाड करून भागत नाही, या चुका टाळा

बाहा एसएई इंडिया, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा, २००७ मध्ये इथेच पीथमपूरला सुरू झाली, तेव्हापासून इंदूरच्या कॉलेजांमधली पोरं दरवर्षी लोहा मंडीत ट्यूब शोधत फिरताना दिसतात, आणि दुसरीकडे थार-जिप्सीवाली मंडळी पावसाळ्यात चोरल, जानापावकडे गाड्या न्यायच्या आधी "केज टाकायचाय" म्हणत वर्कशॉपमध्ये येतात. दोघांचा पहिला प्रश्न सारखाच, पाइप किती जाड घेऊ? माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. गाडी उलटते तेव्हा जमिनीचा मार एका कोपऱ्यावर बसतो, आणि तो भार तिथून कुठल्या ट्यूबने, कुठल्या जॉइंटमधून, कुठपर्यंत जाणार हे ड्रॉइंगवर बोट फिरवून दाखवता आलं पाहिजे. बोट जिथे अडलं तिथेच केज वाकणार, मग पाइप कितीही जाड असू दे.

मंडीतला "एक इंची" आणि तुमचा एक इंच

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महागात पडते. दुकानात नुसतं "एक इंची द्या" म्हटलं की बऱ्याचदा पाण्याच्या पाइपाचा एक इंच हातात येतो, म्हणजे २५ एनबी (पाइपाचं नाममात्र माप), आणि त्याचा बाहेरचा व्यास असतो ३३.७ मिमी. तुमच्या डिझाइनमध्ये २५.४ मिमी ओडी (बाहेरचा व्यास) लिहिलंय ती ट्यूब, पाइप नाही. म्हणून व्हर्निअर खिशात ठेवूनच जा, ओडी आणि वॉल (भिंतीची जाडी) दोन्ही टोकांना मोजा, आणि बिलावर नुसतं एमएस पाइप असं लिहून घेऊ नका, मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचा क्रमांक) ट्यूबवरच्या मार्किंगशी जुळतो का ते तिथेच बघा. बाहाच्या नियमात कार्बन किमान ०.१८ टक्के लागतो. सर्टिफिकेट नसेल तर एक तुकडा कापून लॅबमध्ये स्पेक्ट्रो (स्टीलमध्ये काय किती आहे याची तपासणी) करून घ्या, पण सगळा माल उचलायच्या आधी, नंतर नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप, तर अजिबात नको. जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि बीडमध्ये (वेल्डच्या रेघेत) भोकं पडतात ती वेगळीच. "बाहेरून घासून काढतो ना" असं म्हणणारे भेटतात, पण आतला थर तसाच राहतो, तो कसा घासणार?

जाडी वाढवली म्हणजे ताकद वाढली असं नाही

जरा आकडे बघू, कारण इथे अंदाजाने बोलून उपयोग नाही. बाहाचा आधार म्हणजे १०१८ या साध्या कार्बन स्टीलची २५.४ मिमी ओडी आणि ३.०५ मिमी वॉलची ट्यूब. तिचा सेकंड मोमेंट (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) साधारण १३,६०० मिमी⁴ येतो आणि वजन मीटरला १.६८ किलो. आता ३१.७५ मिमी ओडी, १.६५ मिमी वॉल घ्या: सेकंड मोमेंट १७,७०० च्या आसपास, वजन मीटरला १.२२ किलो. म्हणजे वॉल जवळपास अर्धी झाली तरी ट्यूब ३० टक्के जास्त ताठ, आणि २५ मीटर माल धरला तर अकरा किलोच्या वर वजन वाचलं. मटेरियल मध्यापासून जितकं लांब तितकं ते वाकण्याला जास्त विरोध करतं, म्हणून आधी व्यास बघायचा, मग वॉल. पण म्हणून वॉल कितीही पातळ चालेल असं समजू नका, बाहात प्रायमरी मेंबरला (केजच्या मुख्य ट्यूबला) १.५७ मिमीच्या खाली जाता येत नाही, आणि तसंही पातळ ट्यूब दगडावर आपटली की आत चेपते आणि चेपलेल्या जागी मग सहज मोडते.

याच्याच जोडीची दुसरी गैरसमजूत म्हणजे क्रोमोली (४१३०, क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील) घेतला की केज आपोआप ताठ होतो. ४१३० ची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायच्या आधीची ताकद, जास्त असते हे खरं, पण ताठपणा ठरवणारा यंग्स मॉड्युलस दोन्ही स्टीलचा सारखाच, हिशोबाला २०५ गिगापास्कल. त्याच साइझची ४१३० लावलीत तर ती कायमची वाकायला जास्त भार घेईल, पण तोपर्यंत लवचिक तेवढीच राहील. आणि ४१३० ला वेल्डरने नीट वागवलं नाही तर तो उलट धोक्याचा. बीड लालभडक असताना ओलं फडकं लावणं किंवा पाणी मारणं ही सवय इथे बऱ्याच जणांना असते, त्याने जॉइंटच्या बाजूचं स्टील कडक आणि ठिसूळ होतं, बाहेरून काही दिसत नाही आणि पहिल्याच आपटीत बीडच्या कडेने चीर जाते. हवेत, झोतापासून लांब, सावकाश थंड होऊ द्या. पहिल्यांदाच केज बनवणाऱ्या टीमला मी साध्या कार्बन स्टीलचाच सल्ला देतो, वजन दोन-चार किलो जास्त जाऊ दे.

बेंडिंग

साध्या हायड्रॉलिक बेंडरच्या डाय एनबी साइझच्या असतात. एक इंची डाय म्हणजे ३३.७ ची खाच, त्यात २५.४ ची ट्यूब घातली की ती आत सैल बसते आणि वाकताना चपटी होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. अशी ट्यूब केजमध्ये लावायची नाही, विषय संपला. ट्यूबच्या ओडीचीच डाय असलेला रोटरी ड्रॉ बेंडर (ट्यूब डायभोवती ओढत वाकवणारं मशीन) शोधा, बेंडची सेंटरलाइन त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा, आणि बेंड झाल्यावर कॅलिपरने सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त व्यास मोजा, कमी भागिले जास्त हा भागाकार ०.९ च्या खाली गेला तर तुकडा बाजूला. तिप्पट त्रिज्या आणि ०.९ हे दोन्ही एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या) अपेंडिक्स जे या नियमावलीमधले निकष आहेत, बाहाची गाडी असो की थार, पाळायला हरकत काहीच नाही.

नोड (ट्यूबा मिळतात तो बिंदू) चुकला की सगळं चुकलं

आता मुख्य गोष्ट. एका टीमची फ्रेम बघत होतो, दिसायला फार देखणी, बीड एकदम एकसारखे, पेंट चकाचक. पण पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा ब्रॅकेट एका मोकळ्या ट्यूबच्या बरोबर मधोमध लावलेला, जवळचा जॉइंट दोन्हीकडून वीतभर लांब. हाताने आर्म धरून जोर लावला तर ती ट्यूब लवलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. गाडी खड्ड्यात उतरेल तेव्हा प्रत्येक वेळी ती अशीच लवणार आणि चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये ब्रॅकेटच्या कडेपासून चिरणार. उपाय सोपा होता: ब्रॅकेट जॉइंटकडे सरकवा, नाहीतर मागून एक तिरपी ट्यूब आणून त्याच जागी मिळवा. जाडी वाढवायची गरजच नव्हती.

ट्यूब ओढण्या-दाबण्यात मजबूत असते, वाकण्यात कमजोर. त्यामुळे चौकोन दिसला की त्याचे त्रिकोण करा. मागच्या मुख्य हूपमध्ये (ड्रायव्हरच्या मागच्या कमानीत) तिरका ब्रेस नसेल तर गाडी बाजूने उलटल्यावर हूप समांतरभुज चौकोनासारखा कलंडतो, आणि त्याच्याच खाली ड्रायव्हरचं डोकं असतं. तिरप्या ट्यूबा मिळतात त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, सेंटरलाइन एकमेकींना चुकवून दोन-तीन इंच पुढे-मागे गेल्या की मधला तेवढा तुकडा वाकण्यात येतो. कधी इंजिन आडवं येतं, कधी सीट, आणि मग "थोडं सरकवून लावू" होतं. सरकवायचं असेल तर गसेट (कोपऱ्यात वेल्ड केलेली आधाराची प्लेट) द्या आणि पुन्हा हिशोब करा. आणि वायरिंगच्या क्लिपसाठी किंवा आरसा लावायला प्रायमरी ट्यूबला भोक पाडू नका, छोटा टॅब वेल्ड करा किंवा क्लॅम्प वापरा.

सॉफ्टवेअरमधली हिरवी फ्रेम

कॉम्प्युटरवर फ्रेमला भार देऊन ताण तपासतात, त्या रिपोर्टमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी ३ (तिप्पट भार सोसेल असा हिशोब) लिहिलेला असतो आणि फ्रेम पूर्ण हिरवी, म्हणजे सुरक्षित. विचारलं की कन्स्ट्रेंट कुठे दिले, म्हणजे फ्रेम कुठे पक्की धरली, तर सगळे खालचे नोड फिक्स. खरी गाडी जमिनीला वेल्ड केलेली नसते ना! पुढून धडकते तेव्हा मागचं वजन पुढे ढकलत असतं. एकतर इनर्शिया रिलीफ (फ्रेम कुठेही न धरता भार तिच्याच वजनाच्या जडत्वाने तोलायची पद्धत) वापरा, नाहीतर सस्पेन्शन पॉइंट धरा आणि निदान एक-दोन वेगळ्या पद्धतीने धरून निकाल किती बदलतो ते बघा. भार पण डोळे मिटून १० जी (वजनाच्या दहापट) घेऊ नका. ड्रायव्हर धरून २५० किलोची गाडी ६० च्या स्पीडने येऊन ०.१ सेकंदात थांबली तर सरासरी बल साधारण ४२ किलोन्यूटन, म्हणजे १७ जी झाले, तेच ०.२ सेकंद धरलं तर निम्मं. धडकेची वेळ कुठून घेतली हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि बीम एलिमेंटचं (ट्यूबांऐवजी नुसत्या रेघा धरणारं) मॉडेल जॉइंटबद्दल काहीच सांगत नाही, ते वेल्ड परफेक्ट आहे असं धरूनच चालतं.

म्हणून वेल्ड कापून बघा

नॉच (दुसऱ्या ट्यूबवर बसण्यासाठी टोकाला कापलेली खाच) नीट बसला नाही की वेल्डर फट बीडने भरतो, वरून गुळगुळीत, आत पोकळ. ट्यूबवर ट्यूब ठेवल्यावर उजेड आरपार दिसत असेल तर नॉच परत घासा. मुख्य फ्रेमला हात लावायच्या आधी त्याच वेल्डरकडून, त्याच मशीनवर, त्याच ट्यूबचे दोन नमुने करून घ्या: एक ९० अंशाचा, तो पाना लावून मोडायचा, आणि मोडला तो ट्यूबमध्ये मोडला पाहिजे, वेल्डमध्ये नाही, दुसरा ३० अंशाचा, तो हॅक्सॉने उभा चिरायचा आणि पेनिट्रेशन, म्हणजे वेल्डचं वितळणं, आतपर्यंत गेलंय का ते बघायचं. बाहाच्या टेक इन्स्पेक्शनला हेच दोन मागतात. बीड ग्राइंडर मारून सपाट करू नका, सुंदर दिसतं पण जॉइंटचं मांसच जातं. आणि पुट्टी लावलेली दिसली तर तो केज घेऊच नका.

फ्रेम वेल्डिंगनंतर तिरकी आली तर बहुतेक वेळा कारण एकच, एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली. आधी सगळी फ्रेम फिक्स्चरवर (जागेवर धरणाऱ्या साच्यावर) टॅक करा, म्हणजे छोट्या ठिपक्यांनी जोडा, दोन्ही कर्ण टेपने मोजा, मग डावी-उजवी आलटून-पालटून वेल्ड करा.

आत माणूस बसणार आहे

टीममधल्या सगळ्यात उंच पोराला हेल्मेट घालून बसवा, स्वस्त पीव्हीसी पाइपाचं मॉडेल आधी करा. हेल्मेटपासून केजपर्यंत १५२ मिमी, बाकी अंगापासून ७६ मिमी मोकळं हवं, आणि ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर निघाला पाहिजे.

थार-जिप्सीवाल्यांसाठी हेच जास्त गंभीर आहे, कारण रोज विनाहेल्मेट बसणार. डोक्याजवळची उघडी ट्यूब साध्या ठोकरीतही कवटी फोडू शकते, आणि बाजारातला मऊ फोम त्याला पुरत नाही, तो एका बोटाने दाबला जातो. रोजच्या वापराच्या गाडीत पूर्ण केज टाकू नका असंच मी सांगतो. टाकायचाच तर पाय पत्र्यावर नुसते बोल्ट करू नका, प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि ८.८ ग्रेडचे निदान तीन एम८ बोल्ट. बॉडी रबर माउंटवर हलते, चॅसिस वेगळं हलतं, त्यामुळे काही पाय बॉडीला आणि काही चॅसिसला पक्के केले तर काही महिन्यांत कुठेतरी चीर जाणारच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आरटीओत आधी विचारा.

गाडी एकदा उलटली की केज वरून ठीक दिसला तरी पेंट खरवडून प्रत्येक मुख्य जॉइंटवर डाय पेनिट्रंट मारा, तीन डब्यांचा किट येतो, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ट्यूबला सरळ पट्टी लावून बघा, वाकली असेल तर गॅसने तापवून सरळ करायची नाही, जॉइंटपासून जॉइंटपर्यंत पूर्ण कापून नवीन टाकायची.