चरित्र लिहिताय? निदान या चुका टाळा

एखाद्या लेखकाची जन्मशताब्दी जवळ आली की चरित्रांचे पीक येते. त्यातली बरीच हस्तलिखिते ‘जरा नजर टाका’ म्हणून माझ्याकडे येतात. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यांत वाईट खोड म्हणजे कवितेवरून आयुष्य रचणे. एका उत्साही चरित्रकाराने ‘पत्नीवियोग’ असे अख्खे प्रकरण लिहिले होते, आधार काय, तर एक विरहगीत. ‘चितेची राख निवायच्या आत हे शब्द उमटले’ वगैरे. मी त्याला मासिकाचे जुने बांधीव अंक काढायला लावले. कविता छापून आली तेव्हा बाई चांगल्या हयात होत्या, पुढेही काही वर्षे होत्या. त्यावर उत्तर काय? ‘सर, कविमनाला आधीच चाहूल लागली असेल ना!’ प्रकरण गेले नाहीच, नुसते नाव बदलले.

घोळ होतो तो संग्रहाचे साल कवितेला चिकटवल्यामुळे. केशवसुत 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेले, आणि ह. ना. आपट्यांनी त्यांच्या कवितांचे पुस्तक काढले 1917 मध्ये! मी वहीत दर सालाला एक पान ठेवतो आणि कविता मासिकात प्रथम दिसली त्या सालात टाकतो. काही पाने कोरी राहतात, राहू देत. नवख्यांना ते बघवत नाही. मग तिथे ‘मनात काहूर माजले असावे’ येऊन बसते.

शक दिसला की इसवी सनासाठी 78 मिळवून मोकळे होऊ नका. नाटककार राम गणेश गडकरी सावनेरला वारले 23 जानेवारी 1919 रोजी, तेव्हा शके 1840 चालू होता. 78 मिळवलेत तर त्यांना वर्षभर आधीच मारलेत. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79 मिळवायचे.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख एकट्याने पुरावा होत नाही. केशवसुतांच्याच दोन चालत आल्या आहेत: 15 मार्च आणि 7 ऑक्टोबर 1866.

पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. मजकुरात नुसता ‘रविवार’ असतो, साल टपालाच्या शिक्क्यात.

घरच्यांना ‘ते कसे होते?’ विचारलेत तर ‘देवमाणूस’ एवढेच हाती लागेल. भाडे किती होते, पगार कुणाच्या हातात जायचा, ते विचारा.

गौरवग्रंथावरून चरित्र लिहिणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि पत्रे ज्याच्या कपाटात, छापायचा हक्क त्याचाच असे नसते. तो सहसा लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. लेखी परवानगी मुद्रिते (प्रुफे) येण्याआधी घ्या.