ट्रॅक सायकलला हँडलबार घेताना काय बघायचं

ट्रॅकच्या, म्हणजे वेलोड्रोमवर पळवायच्या सायकलला ना ब्रेक ना गिअर, म्हणजे बारवर लिव्हर बसवायची भानगडच नाही, त्यामुळे घरात पडलेला रोडचा बार लावला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. चालतो तसा, पण आधी हे ठरवा की तुम्ही पळवणार कुठली रेस.

स्प्रिंट (मोजक्या जणांची, शेवटी जोर लावायची रेस) किंवा केरिन (आधी पेसरच्या मागे राहून शेवटी स्प्रिंट) असेल तर हात जवळपास पूर्ण वेळ ड्रॉप्समधेच, म्हणजे बारच्या खाली वळलेल्या भागातच असतात आणि सीटवरून उठून जोर लावला की रोड बारचा वरचा आडवा भाग मनगटाच्या वर जाऊन आपटतो, एकदा आपटला की कळतंच. म्हणून स्प्रिंटचे बार स्टेमपासूनच (बार धरून ठेवणारा भाग) उतरत जातात, ड्रॉपही खोल असतो. वर हात ठेवायला नीट जागा नसते, पण तिथे ती लागते कुणाला? थांबल्या जागेवरून स्टार्ट घेताना अख्खं अंग बारला खेचतं, तेव्हा बार कडक हवा, वजनाचं नंतर बघू. जपानच्या केरिनमधे नित्तो कंपनीचा बी123 हा स्टीलचा बार उगाच नाही इतकी वर्षं चालत आलाय.

पॉइंट्स, स्क्रॅच, मॅडिसन (जोडीने आळीपाळीने पळवायची) या घोळक्याच्या रेसना मात्र रोडसारखाच आकार बरा, मधे दम खायला हात वर घेता येतात. पर्स्युटला (वेळेविरुद्धची रेस) बेस बार आणि पुढे हात टेकवायची एक्स्टेंशन्स, पण घोळक्याच्या रेसमधे ती चालत नाहीत.

आता रुंदी. खांद्याच्या हाडापासून हाडापर्यंत मोजा आणि तिथून सुरुवात करा. अरुंद बारने हवा कमी लागते हे खरंय, पण मॅडिसनमधे एका हाताने जोडीदाराला हात धरून पुढे फेकताना दुसऱ्या हातातला 34 सेंमीचा बार सांभाळून दाखवा मग बोलू. नवीन असाल तर 38-40 सेंमी घ्या, अरुंदचं खूळ नंतर. कंपनी रुंदी सेंटर टू सेंटर (नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत) सांगते की बाहेरून बाहेर ते विचाराच, दोन्हीत साधारण 2.4 सेंमीचा फरक पडतो, आणि यूसीआयचा (सायकलिंगची जागतिक संघटना) किमान 350 मिमीचा नियम बाहेरून मोजून आहे.

क्लॅम्प, म्हणजे स्टेम आवळतो तिथली बारची जाडी बघायला विसरू नका, नवे बहुतेक 31.8 मिमी, जुने 25.4 किंवा 26.0. शेवटच्या दोघांत जेमतेम 0.6 मिमीचा फरक दिसतो म्हणून जबरदस्तीने आवळू नका, ऐन स्टार्टला बार फिरेल.

सेकंडहँड ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनचा बार पडलेल्या सायकलचा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.