पिनकोड फोडायचा कसा

आडतीवर पट्ट्या लिहिता लिहिता लातूरचा पिनकोड, ४१३५१२, किती वेळा गिरवला त्याला गणती नाही. पण तो कशाकशाचा बनलाय, हे स्कॉलरशिपला बसलेल्या भाचीनं विचारेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं. तर असा आकडा फोडायला घेतलात की आधी त्याचं शेपूट बघा. शेवटचे तीन अंक ५१२. हजाराला ८ नं भाग जातो, म्हणून नुसत्या ५१२ ला गेला की अख्ख्या आकड्याला गेलाच. भागून उरतो ५१६८९, विषम. म्हणजे २ चं काम संपलं.

अंकांची बेरीज १६, त्यामुळं ३ आणि ९ बाद. या १६ नंच आकडा तुटला असता तर ती हर्षद संख्या ठरली असती. हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलेलं. आपला कोड त्यात बसत नाही.

आता आकडा मधोमध तोडा: ४१३ आणि ५१२. वजाबाकी ९९. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून या तिघांची परीक्षा ९९ वरच होते. ११ पास, ७ आणि १३ एका फटक्यात नापास. मग बेरीज करा: ९२५, म्हणजे ३७ × २५. ९९९ ला ३७ नं भाग जातो म्हणून ही युक्ती चालते, आणि ३७ हाती लागतो.

ही बेरीज मला तेव्हा ठाऊक नव्हती. ११ नं भागून ४६९९ आला आणि मी पट्टीच्या पाठीमागं एकेक मूळ संख्या लावत बसलो. १७, १९, २३. २९ ला तर फक्त १ उरला, जीव हळहळला. ३१ पण जाईना, तेव्हा ‘मूळ संख्या आहे ही’ म्हणून ठोकून दिलं.

“मामा, वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६८ पर्यंत बघायला पाहिजे ना? अडुसष्टाचा वर्ग ४६२४ होतो.”

पुढचीच पायरी होती: ३७ × १२७! शेजारी बसलेले हमालसुद्धा हसले. १२७ ला मात्र ११ पर्यंतच तपासायचं, कारण १३ चा वर्ग १६९. ती खरोखर मूळ आहे.

म्हणजे २ × २ × २ × ११ × ३७ × १२७. विभाजक मोजायला प्रत्येकाच्या घातात १ मिळवून गुणा: ४ × २ × २ × २, झाले ३२. सगळ्या विभाजकांची बेरीज १५ × १२ × ३८ × १२८, म्हणजे ८७५५२०. त्यातून आकडा स्वतः वगळला तरी ४६२००८ उरतात. पोत्यापेक्षा मातेरंच जड! अशीला विपुल संख्या म्हणतात.

आता नांदेडचा ४३१६०१ घेतलाय. ३ नं गेला, १४३८६७ उरला. ३७९ पर्यंत जायचंय. काल रात्री ३१ पर्यंत आलो.