भिवंडीत गोडाऊनला लागताय? मग हे वाचून जा

दिवाळीच्या सेलआधी भिवंडीत, पडघा, मानकोली साइडला भरती जोरात असते, आधार, पॅन, बँकेचं पासबुक घेऊन गेलं की बऱ्याचदा दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट. मी एका मोठ्या रिटेल कंपनीच्या गोडाऊनमध्ये आधी पिकर होतो, नंतर पॅकिंगला, म्हणून गावाकडची पोरं विचारत असतात की काम कसं असतं. काम काही अवघड नाहीये. हातात स्कॅनर देतात, तो सांगेल त्या रॅकमधून माल काढायचा, स्कॅन करायचा, ट्रॉलीत टाकायचा, बास.

पण तो स्कॅनर मालासोबत तुमचाही हिशोब ठेवतो ना. तासाला किती पीस काढले, मधे किती वेळ काहीच स्कॅन झालं नाही, सगळं टीएलच्या म्हणजे टीम लीडरच्या स्क्रीनवर दिसतं. बाथरूम गोडाऊनच्या पार दुसऱ्या टोकाला, जाऊन येण्यातच वेळ जातो आणि आलात की टीएल उभाच, कुठे होतास? पोरींचे तर जास्तच हाल, पाळीच्या दिवसांत त्या टीएलला काय सांगणार.

वाढवून सांगतोय वाटत असेल तर मानेसरचं बघा. मे 2024 मध्ये हरियाणातल्या तिथल्या अॅमेझॉनच्या गोडाऊनमध्ये कामगारांना शपथ घ्यायला लावली, 24 फुटी सहा ट्रक खाली होईपर्यंत पाणी नाही आणि बाथरूमपण नाही. ते पण तिकडच्या मे महिन्याच्या उन्हात! बातमी आल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्राच्या कामगार मंत्रालयाला नोटीस काढली, कंपनी म्हणाली हा एवढा एकच प्रकार घडलाय. असेल बाबा. पण शपथ न घेता नुसतं टार्गेटच असं ठेवलं की माणूस आपणहून पाणी कमी प्यायला लागतो, ते कुठल्या नोटिशीत येणार?

आता खरं सांगायचं ते हे, की जॉइन होताना आपला मालक कोण ते बघा. टीशर्टवर मोठ्या कंपनीचं नाव असतं पण लेटर निघतं कुठल्यातरी मॅनपॉवर एजन्सीचं, आणि काही बिनसलं की कंपनी म्हणते एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते फ्लोअरवरचं आम्ही बघत नाही. आमचे ओव्हरटाइमचे पैसे असेच दोघांच्या मधे लटकले होते. खरं तर कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा असा कायदा आहे आणि महाराष्ट्रात ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला पाहिजे, पण हे भरतीवाला कशाला सांगेल.

म्हणून लेटर हातात देत नसतील तर निदान फोटो तरी काढून घ्या. यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, तो मागा आणि पीएफ खरंच भरतायत का ते सरकारच्या उमंग अॅपवर बघत जा, कारण स्लिपमधे कापलेला दिसतो आणि पासबुकात नसतो असंही होतं. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याचं कार्डपण मागा, कंबर धरली की तेच कामाला येतं. आल्यागेल्याची वेळ रोज स्वतःच्या मोबाइलमधे लिहा, पंचिंग मशीन त्यांचं आहे.

सीझन संपला की काढलं असं कोणी तोंडावर सांगत नाही, एक दिवस गेटवर आयडी चालत नाही एवढंच. त्यामुळे अनुभवाचं लेटर आयडी चालू आहे तोवरच मागून घ्या, नंतर एजन्सीवाला फोन उचलत नाही.