चेनसॉ रेटावा लागतोय? सरपण कापताना या चुका टाळा

चांगली धार असलेला चेनसॉ ओंडक्यात आपल्या वजनानेच उतरत जातो. आपण तो नीट धरायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि चेनला काम करू द्यायचं. वरून जोर लावायची वेळ आली की काहीतरी बिनसलंय असं समजा. बहुतेक वेळा बिघाड इंजिनात नसतोच, तो चेनमध्ये असतो. तरी लोक आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतात, प्लग बदलतात, ‘मशीनची ताकद गेली’ म्हणत दुरुस्तीला नेतात आणि तीच बोथट चेन लावून परत आणतात. म्हणून सुरुवात चेनपासूनच करतो, आणि तिच्यावर जरा जास्तच बोलतो.

बोथट चेनने काम पुढे रेटणं

खाली काय पडतंय ते बघा. धार असेल तर जाडसर तुकडे पडतात. पिठासारखी पूड पडायला लागली, कापताना धूर निघाला, किंवा मशीन हातात थरथरत ओंडक्यावर नुसतं घासत राहिलं, की चेन बोथट झाली आहे. फक्त एक लक्षात ठेवा: फार वाळलेल्या कठीण लाकडातून किंवा ओंडका उभा चिरताना पूड थोडी बारीकच पडते. तेव्हा पुडीबरोबर मशीनला किती दाबावं लागतंय हेही बघा.

बोथट चेनने कापत राहिल्याचे परिणाम एकातून एक निघतात. दाबल्यामुळे बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) आणि चेन तापतात, तापल्यामुळे ऑइल पातळ होऊन उडून जातं, चेन ताणली जाते, क्लच घसरायला लागतो. आणि हात थकतात. मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या गोष्टीची वाटते. जोर लावून कापणाऱ्याचा तोल त्या जोरावरच टेकलेला असतो. ओंडका अचानक तुटला की मशीन पायाकडे येतं.

धार घालवणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माती. ओंडका आरपार कापताना चेन जमिनीला क्षणभर जरी लागली तरी धार जाते. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू रुतलेली असते, तेवढी साल कुऱ्हाडीने आधी काढून टाका. जुन्या लाकडातल्या खिळ्यांचं आणि तारेचं वेगळं सांगायला नको. ओंडका घोडीवर ठेवून कापावा. घोडी नसेल तर जमिनीवर पडलेला ओंडका बहुतांश कापून थांबायचं, तो फिरवायचा आणि उरलेलं वरूनच कापायचं.

धार लावताना होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे हाताला येईल ती कानस घेणं. गोल कानशीचा व्यास चेनच्या पिचवर, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतरावर, ठरतो. छोट्या मशीनवरच्या 3/8 इंच लो-प्रोफाइल चेनला साधारण 4 मिमी, 0.325 इंच पिचला 4.8 मिमी, आणि मोठ्या 3/8 इंच चेनला 5.2 किंवा 5.5 मिमी. आपल्या चेनसाठी नेमकी कोणती, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. कानस लहान पडली तर दाता आकड्यासारखा आत कोरला जातो आणि लाकडात झडप घालतो. मोठी पडली तर धार मागे झुकते आणि चावतच नाही.

दुसरी चूक, कानस पुढेमागे घासणं. कानस एकाच दिशेने कापते. दात्याच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. कोन बहुतेक चेनना 30 अंशांचा असतो. पुष्कळ दात्यांवर त्याची तिरपी रेघ कोरलेलीच असते, तिला समांतर कानस धरली की झालं. बार शिकंजात पकडून हातमोजे घालून हे काम करा. आधी सर्वांत जास्त झिजलेला दाता शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दाते लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले की कापणी सरळ जात नाही, वाकडी वळत जाते. चेन नीट असूनही वळत असेल तर बारच्या दोन कडांची उंची तपासा, एक कड जास्त झिजलेली सापडेल.

तिसरी चूक सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रत्येक दात्यापुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दाता लाकडात किती खोल शिरणार हे तो ठरवतो. दात्याच्या टोकापेक्षा तो साधारण 0.65 मिमी खाली असावा लागतो. दात्याचा माथा मागे उतरता असल्यामुळे धार लावत गेलं की दाता हळूहळू ठेंगणा होतो आणि उंचवटा मात्र तसाच राहतो. मग धार बोटाला चांगली लागते, पण मशीन कापत नाही, नुसती पूड पाडतं. तीन-चार वेळा धार लावल्यावर गेजपट्टी ठेवून चपट्या कानशीने उंचवटा उतरवा आणि त्याची पुढची कड पुन्हा गोल करा. अंदाजाने कानस मारू नका. जास्त उतरला तर प्रत्येक दाता मोठा घास घेतो, मशीन धक्के देतं आणि उसळण्याचा धोका वाढतो.

दात्याचा माथा सुमारे 4 मिमी उरला, किंवा कुठे तडा दिसला, की चेन बदला. माझं मत विचाराल तर कामाला जाताना धार लावलेली एक जादा चेन बरोबर असावी. थकलेल्या हाताने धार लावण्यापेक्षा चेन बदलणं बरं.

चेनचा ताण आणि उलटी चेन

चेन सैल असेल तर बारवरून उतरते, फार घट्ट असेल तर बार आणि बेअरिंग खाते. ताण लावताना बारचे नट थोडे सैल करा, बारचं टोक हाताने वर उचला, स्क्रू फिरवा आणि टोक वर धरूनच नट आवळा. टोक उचलायला विसरलात तर कामाला लागताच चेन पुन्हा लोंबते. बारच्या खालच्या कडेला चेन टेकलेली असावी आणि हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढली जावी. तपासताना इंजिन बंद आणि चेन ब्रेक (चेन जागेवर रोखणारा ब्रेक) सोडलेला हवा.

नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात बरीच ताणली जाते, तेव्हा ती पुन्हा पुन्हा बघा. तापलेली चेन लोंबते म्हणून मध्येच आवळली असेल, तर काम संपल्यावर सैल करायला विसरू नका. गार होताना ती आखडते आणि सगळा भार क्रँकशाफ्टवर येतो.

धार लावलेली, ताणही बरोबर, तरी मशीन अजिबात कापत नाही? चेन उलटी बसलीय का बघा. बारच्या वरच्या बाजूला दात्यांची धार टोकाकडे असली पाहिजे.

ऑइल संपल्याचं न कळणं

चेनचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, आणि बॅटरीवर चालणाऱ्या चेनसॉलाही ते लागतंच. इंजिन नाही म्हणजे ऑइल नाही असा पुष्कळांचा समज असतो. इंजिनातून काढलेलं जुनं काळं ऑइल त्यात ओतू नका. त्यात धातूचा कीस असतो आणि ते त्वचेलाही घातक असतं.

ऑइल येतंय का हे तपासायला फिकट रंगाच्या लाकडासमोर बारचं टोक वीतभर अंतरावर धरा आणि रेस द्या. थोड्या वेळात ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी रिकामी झाली तरी ऑइलची भरलेलीच दिसत असेल, तर ऑइल चेनपर्यंत पोचत नाहीये. बार काढा, त्याच्या बुडाशी असलेलं छिद्र आणि मधली खाच पातळ पट्टीने साफ करा. तेलात मळलेला भुसा तिथे घट्ट बसतो. बार काढलाच आहे तर उलटून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील, आणि कडेला फुटलेले धारदार कंगोरे चपट्या कानशीने काढा.

पेट्रोल, आणि सुरू न होणारं मशीन

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधल्या ऑइलचंच मिळतं. 50:1 म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, 25:1 म्हणजे 40 मिली. मशीनला कोणतं प्रमाण चालतं ते पुस्तिकेत बघा आणि मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये मोजून करा. नुसतं पेट्रोल भरलं तर पिस्टन चिकटून इंजिन कायमचं जाऊ शकतं. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच बनवा. मशीन काही महिने ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो.

दोरी ओढून ओढून दमल्यावर कळतं की चोक लावलेलाच होता आणि प्लग पेट्रोलने भिजलाय. थंड मशीनला चोक लावून ओढायचं. इंजिनाने पहिला ‘फट्’ आवाज दिला की चोक काढायचा. तो आवाज निसटला की इंजिन फ्लड होतं. मग स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक काढून दोरी पाच-सहा वेळा ओढा, प्लग बसवा आणि चोकशिवाय सुरू करा. प्लग कोरडा निघाला तर दोष उलट दिशेला आहे: पेट्रोल येत नाही, टाकीतला फिल्टर बघा. थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा सुरू करून बघा. मग चाललं, तर टाकीत हवा जायची वाट बुजलीय. झाकण घट्ट करून ती साफ करा. रेस दिल्यावर गुदमरत असेल तर आधी एअर फिल्टर झटका. कार्बोरेटरचा H लिहिलेला स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नका. त्याने पेट्रोल कमी आणि हवा जास्त जायला लागली की इंजिनाचा आवाज जोरकस वाटतो आणि त्याच जोशात ते जळतं.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही चेन फिरत राहिली तर काम तिथेच थांबवा. स्लो स्पीड कमी करून बघा. तरी फिरते म्हणजे क्लचची स्प्रिंग गेली असण्याची शक्यता मोठी.

आणि एका हातात मशीन लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढू नका. जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत बुटाचं टोक घाला, डाव्या हाताने पुढची मूठ दाबा, चेन ब्रेक लावून सुरू करा.

बारचं टोक

बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशाला लागला की चेनसॉ उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. चेनचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी 70 किलोमीटरहून जास्त, त्यामुळे बघून हात मागे घेऊ असं म्हणण्यात अर्थ नाही. सरपणाच्या कामात ही वेळ बहुधा ढिगात येते: एक ओंडका कापताना टोक पलीकडच्या, नजरेआड असलेल्या ओंडक्याला लागतं. म्हणून ढिगावर चेनसॉ चालवू नये; एकेक ओंडका बाजूला घ्यावा.

डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून पकडा. नुसता वर ठेवलेला अंगठा झटक्याला सुटतो. बारच्या रेषेत उभं न राहता थोडं डावीकडे राहा, खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. रोज काम सुरू करताना चेन ब्रेक तपासा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, पायांना चेनसॉसाठीच बनवलेली पँट. या पँटमधले लांब धागे स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंतून चेन थांबवतात; जाड जीन्सने ते होत नाही.

ओंडक्यात अडकलेला बार

ओंडक्याला आधार कुठे आहे हे न बघता कापायला घेतलं की बार चिमटतो. दोन्ही टोकांना आधार असेल तर ओंडक्याची वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणलेली. अशा वेळी आधी वरून एक तृतीयांश कापा, उरलेलं खालून वर. एकच टोक अधांतरी असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालून कापताना चेन मशीनला तुमच्याकडे ढकलते, तेव्हा पाय घट्ट रोवून उभे राहा. जाड ओंडक्यात काप जरा खोल गेला की मागे लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी पाचर चेनच्या जवळ आणू नका.

तरीही अडकलाच, तर रेस देऊन ओढाओढ करू नका. इंजिन बंद करा आणि ओंडका उचलून किंवा पाचर ठोकून काप उघडायचा प्रयत्न करा. नाहीच उघडला, तर बारचे नट काढून इंजिनाचा भाग सोडवून घ्या, बार आणि चेन लाकडातच राहू द्या, आणि दुसऱ्या करवतीने किंवा कुऱ्हाडीने वीतभर अंतरावर ओंडका तोडून त्यांना मोकळं करा.