मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर घेताना काय मोजायचं, काय उघडून बघायचं

दुकानात ‘रोटरी कटर’ मागितला की पुष्कळदा रोटाव्हेटरच दाखवतात. रोटाव्हेटर माती फिरवतो. आपल्याला हवा तो जमिनीपासून दोन-चार इंच वर आडवी पाती फिरवून गवत-झुडूप छाटणारा. ‘स्लॅशर’ म्हणा, घोटाळा होत नाही. आणि गवत विकायचं किंवा म्हशींना घालायचं असेल तर स्लॅशर घेऊच नका. तो गवताचे तुकडे करून तिथेच पसरतो, त्याचे भारे बांधता येत नाहीत. मुरबाड-शहापूरकडे भाऱ्यांसाठी गवत राखणाऱ्यांनी सिकल बार किंवा ड्रम मोव्हर बघावा, ही यंत्रं गवत बुडाशी कापून अख्खं आडवं पाडतात.

वरकस माळ, आमराई, काजूची बाग, फार्महाउसचा मोकळा भाग ही स्लॅशरची खरी कामं. भाताच्या खाचरांच्या बांधावर त्याचा उपयोग नाही. बांधावर आणि दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यात खांद्यावरचा ब्रश कटरच बरा. ठाणे-नवी मुंबईतल्या मोकळ्या प्लॉटवर मात्र गवताखाली राडारोडा आहे असंच धरून चाला: सळईचे तुकडे, बांधायची तार, फुटक्या लाद्या. शेजारी रस्ता किंवा इमारत असेल तर तिथे फ्लेल मोव्हर घ्यावा. त्याची लहान लहान पाती आडव्या रोटरवर फिरतात, दगड लांब उडत नाही. तो महाग आणि वजनाला जड, पण कोणाच्या गाडीची काच भरून देण्यापेक्षा स्वस्त. खाडीकाठच्या जागेत खारफुटी असेल तर तिला हात लावू नका, ती तोडायला बंदी आहे.

आता रुंदी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण पाच फुटी कटर चार फुटीपेक्षा थोडाच महाग असतो आणि मोह होतो. हिशेब इंजिनाच्या एचपीवर नव्हे, पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) एचपीवर करायचा. पीटीओला साधारण ८० ते ८५ टक्के ताकद पोहोचते, म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला २० एचपी धरा. साध्या गवताला दर फुटाला ५ एचपी लागतात, म्हणून २४ एचपीला चार फूट. १८ एचपीच्या ट्रॅक्टरला तीन फूट. रानमोडी, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या असतील तर दर फुटाला ७ एचपी धरा, नाहीतर तोच चार फुटी कटर पहिल्या गिअरमध्ये अर्धी रुंदी घेत चालवा. रुंदी कमीत कमी किती हवी, हेही बघायचं: मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, कटर त्याहून अरुंद नको. नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं आणि दोन दिवसांत पुन्हा उभं होतं. चार फुटी कटर ताशी ३ किलोमीटर वेगाने वळणं-वळसे धरून तासाला सुमारे २७ गुंठे करतो. एकराला दीड तास.

पीटीओचा वेग हा दुसरा सापळा. स्लॅशर पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेला असतो, आणि बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना ५४० च्या जोडीला ७५० किंवा १००० च्या आसपासचा दुसरा वेग असतो. चार फुटी कटरचा गिअरबॉक्स १:१.४७ असेल, म्हणजे पीटीओच्या एका फेरीला पाती १.४७ फेऱ्या घेत असतील, तर ५४० वर पात्याचं टोक सेकंदाला ५० मीटर वेगाने जातं. लिव्हर ७५० वर राहिला तर हाच वेग ६९ मीटर होतो, आणि उडालेल्या दगडाचा जोर जवळजवळ दुप्पट. उलट ५४० च्या खाली चालवलं तर गवत कापलं न जाता ओरबाडलं जातं आणि शाफ्टला गुंडाळतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला ५४० फेऱ्या इंजिनाच्या कोणत्या आरपीएमवर मिळतात, हे पुस्तिकेत बघून मीटरवर खडूची खूण करून ठेवा.

ट्रॅक्टरला एकेरी क्लच असेल, म्हणजे क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्ही सुटतात, तर आणखी एक वस्तू लागते: ओव्हररनिंग क्लच. जड पाती फिरत असताना क्लच दाबला तरी ती थांबत नाहीत, उलट पीटीओ आणि कटर जोडणाऱ्या शाफ्टमधून ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. बांधाच्या कडेला किंवा विहिरीजवळ ब्रेक मारूनही ट्रॅक्टर दोन हात सरकतो. पीटीओच्या टोकावर बसणारा हा जोड एकाच दिशेने ताकद देतो. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. स्वतंत्र पीटीओ क्लच असलेल्या ट्रॅक्टरला त्याची गरज नाही.

कटर ट्रॅक्टरच्या मागच्या तीन लिंकना (दोन खालच्या, एक वरची म्हणजे टॉप लिंक) पिनांनी जोडतात. त्या पिना जुळतात का, ते ट्रॅक्टर नेऊनच बघा. कॅटेगरी १ या ठरलेल्या मापाला खालच्या पिना २२ मिमी आणि टॉप लिंकची १९ मिमी. लहान ट्रॅक्टरांना याहून बारीक पिना येतात. बुश घालून चालवतात, पण बुश झिजला की कटर डुलायला लागतो. वजनाचंही तसंच. चार फुटी कटर सहसा दोनशे किलोंच्या आसपास असतो, लिफ्टची क्षमता ७५० किलो लिहिलेली असते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण तो आकडा लिंकच्या टोकाचा असतो, आणि कटरचं वजन त्यामागे लांबवर लोंबतं. कटर उचलून फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर घ्या. भिवंडी-कल्याण पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. ट्रॅक्टरच्या मूळ वजनाच्या निदान २० टक्के भार पुढे दिसला पाहिजे. कमी दिसला तर पुढे वजनं लावा, नाहीतर चढावर स्टिअरिंग फिरेल पण ट्रॅक्टर वळणार नाही.

दुकानात यंत्राच्या खाली वाकून बघा. पाती गिअरबॉक्सखालच्या गोल ताटाला, म्हणजे स्टंप जंपरला बोल्टने लटकलेली असावीत आणि हाताने मागे फिरावीत. खुंट लागला की पातं मागे जातं, ताट खुंटावरून घसरतं. सरळ पट्टीला पाती लावलेले स्वस्त कटर खुंटावर अडकतात. पाती १० ते १२ मिमी जाडीच्या स्प्रिंग स्टीलची हवीत. डेकचा, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाचा पत्रा ४ मिमीच्या खाली नको. पुढे-मागे साखळ्यांचा पडदा नसेल तर तो बसवून घेतल्याशिवाय कटर उचलू नका.

पातं अडकलं तर गिअरबॉक्स वाचवायला शाफ्टला शिअर बोल्ट (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारा) की स्लिप क्लच (जोर आला की चकत्या घसरणारा)? कोकणच्या हवेत साध्या वापराला शिअर बोल्ट. स्लिप क्लचच्या चकत्या पावसाळ्यात गंजून एकमेकींना चिकटतात, मग तो घसरत नाही आणि धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. स्लिप क्लचच हवा असेल तर दर हंगामाआधी स्प्रिंगच्या नटांची उंची मोजून ते सैल करा, दोन-तीन सेकंद चकत्या घसरवा आणि नट पुन्हा त्याच मापावर आणा. शिअर बोल्ट तुटला की गावात मिळेल तो ८.८ दर्जाचा कडक बोल्ट घालण्याची सवय वाईट: बोल्ट टिकतो, गिअर तुटतात. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे दहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा.

शाफ्ट बहुधा लांब येतो आणि कापावा लागतो. कटर जोडून हळूहळू उचला आणि शाफ्ट सगळ्यात आखूड होतो ती जागा शोधा. तिथे टोक टेकायला एक इंच तरी बाकी हवं. सगळ्यात लांब होतो तिथे दोन्ही नळ्या निदान सहा इंच एकमेकींत राहायला हव्यात. आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लास्टिकचं कव्हर, सगळं सारखंच कापा, कडा घासून ग्रीस लावा. ओव्हररनिंग क्लच लावणार असाल तर तो बसवूनच मोजा, त्याने लांबी वाढते.

पहिल्यांदा चालू करण्याआधी गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) उघडा. नवा कटर कोरडा येऊ शकतो. तेल ९० नंबरचं, प्लगच्या तोंडापर्यंत. डेकची पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा, म्हणजे गवत एकदाच कापलं जातं आणि इंजिन दमत नाही. टॉप लिंकला थोडी ढील हवी, नाहीतर मागचं चाक खड्ड्यात गेलं की डेक जमिनीत रुततो. बागेत कापणी तीन इंचांवर, दगडाळ माळावर चारच्या वर.

ऑक्टोबरअखेर, जमीन वाळली की पहिली कापणी करा. गवत डिसेंबरपर्यंत पिवळं पडलं की वणव्याची भीती सुरू होते. आधी जागा पायी फिरून तार-सळई उचला. चालू असताना ९० मीटरच्या आत माणूस किंवा जनावर नको. कटर एकाएकी थरथरायला लागला तर पातं तुटलंय किंवा एकच पातं मागे अडकलंय. लगेच बंद करा. पाती बदलताना दोन्ही एकदम, नाहीतर तोल जाऊन गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. ताटाच्या वर तेलाचा ओघळ दिसला तर सीलभोवती तार किंवा वाळलेलं गवत गुंडाळलेलं असतं. ते काढल्याशिवाय नवं सील घालू नका, तेही आठवड्यात जाईल.